गाव, गोठा आणि शिवार: डासांचं काम नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी

ऑगस्ट २०२२ मध्ये गुरांच्या लंपीची साथ महाराष्ट्रात शिरली, तेव्हा राज्यातली पहिली नोंद झाली ती रावेर तालुक्यातल्या चिनावलला. पुढे गुरांचे बाजार बंद झाले, गोठ्यांत फवारण्या झाल्या, गोट पॉक्सची (शेळ्यांच्या देवीची) लस टोचली गेली. लंपी पसरवणाऱ्यांत चावणाऱ्या माश्या, गोचीड आणि डास हे तिघंही येतात. माणसाला तो आजार होत नाही. पण ऑगस्ट-सप्टेंबर हा खानदेशात डेंग्यूचाही हंगाम. म्हणजे एका गल्लीत पशुवैद्यकीय दवाखान्याचा माणूस गोठ्यात औषध मारतोय, शेजारच्या गल्लीत आशाताई ड्रममध्ये बॅटरी मारून अळ्या बघताहेत, आणि शिवारात शेतकरी कपाशीवर पंप घेऊन फिरतोय. तिघंही किड्यांच्याच मागे. मी पाहिलेल्या गावांत तरी या तिघांनी एकमेकांना कधी काही विचारलेलं नाही.

हा लेख त्या विचारपुशीसाठी आहे. तुम्ही नव्याने आशा म्हणून रुजू झाला असाल, ग्रामपंचायतीत पहिल्यांदा निवडून आला असाल, शाळेत विज्ञान शिकवत असाल किंवा गावातलं तरुण मंडळ चालवत असाल, तर इथून सुरुवात करता येईल. माणूस, जनावर आणि भोवतालचं पाणी-माती यांचं आरोग्य एकत्र बघायचं, याला सरकारी कागदात ‘वन हेल्थ’ म्हणतात. त्यासाठीच्या राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये नागपुरात झाली. ते मोठ्या पातळीवरचं काम. गावात हे काम एका वहीने आणि एका पांढऱ्या वाटीने सुरू होतं.

आधी ओळख: कोणता डास कुठला

‘डास’ म्हणून एकच शत्रू धरला की सगळं काम विस्कटतं. गावात तीन घराणी लक्षात ठेवा.

एडिस. अंगावर काळे-पांढरे पट्टे. दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि दिवे लागायच्या आधी. साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि फार लांब उडत नाही, जन्मला त्याच घरात नाहीतर शेजारच्या दोन-चार घरांत मरतो. डेंग्यू, चिकनगुनिया आणि झिका याच्याकडून. २००६ च्या चिकनगुनियाच्या साथीत खानदेशाच्या वेशीवरचं मालेगाव सुरुवातीलाच सापडलं होतं.

अ‍ॅनॉफिलिस. मलेरियाचा डास, रात्री चावतो. आपल्या ग्रामीण भागात मलेरिया पसरवणारा मुख्य प्रकार म्हणजे क्युलिसिफेसिस. तो नदीपात्रातली डबकी, पाटाच्या चाऱ्या, गुरांच्या खुरांनी पडलेले खळगे अशा उथळ पाण्यात वाढतो. आणि नव्या माणसाला सहसा ठाऊक नसतं ते हे: त्याला माणसापेक्षा गुराचं रक्त अधिक आवडतं, आणि पोट भरलं की तो गोठ्याच्या भिंतीवर, कुडाच्या आत बसून राहतो. शहरी भागात स्टिफेन्सी नावाचा भाऊबंद गच्चीवरच्या टाक्यांत आणि विहिरींत वाढतो. सातपुड्याच्या पायथ्याला झऱ्यांच्या संथ वाहत्या पाण्यात फ्लुव्हिआटिलिस.

क्युलेक्स. घाण पाण्याचा. गटार, शौचालयाची टाकी, उकिरड्याशेजारचं डबकं. रात्रभर कानाशी गुणगुणतो आणि तक्रारी सगळ्यात जास्त याच्याच येतात. हत्तीरोग याच्यामुळे. याच्याच कुळातले भातखाचरातले डास जपानी मेंदूज्वर पसरवतात. तिथे विषाणू वाढतो तो डुकरांत आणि बगळ्यांत, माणूस मध्ये उगाच सापडतो.

आणखी एक नाव ऐकाल: चांदीपुरा. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुऱ्यात सापडलेला हा विषाणू, २०२४ मध्ये नवापूरच्या पलीकडे गुजरातेत त्याने बरीच मुलं नेली. तो डासाने नव्हे, वाळूमाशीने पसरतो. ही माशी मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि शेणा-ओलाव्याच्या जागी वाढते. पाण्याची भांडी कितीही रिकामी केली तरी तिला फरक पडत नाही, भेगा लिंपाव्या लागतात. म्हणून कोणता किडा, हा प्रश्न आधी.

अळ्या ओळखायला ओगराळ्याने पाणी घ्या, पांढऱ्या वाटीत ओता आणि क्षणभर थांबा. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडलेली अळी अ‍ॅनॉफिलिसची. डोकं खाली, शेपटीची नळी वर करून लटकलेली असेल तर एडिस किंवा क्युलेक्स. त्यातही नळी आखूड, उजेड पडताच नागमोडी वळत तळाला पळणारी बहुधा एडिस, आणि ती स्वच्छ पाण्यात असेल तर शंकाच नको. स्वल्पविरामासारखा वळलेला, न खाणारा पण उड्या मारणारा जीव दिसला तर तो कोष. एक-दोन दिवसांत त्यातून डास निघणार. कोष दिसलेलं भांडं उद्यावर टाकू नका.

पहिली पायरी: एक गल्ली निवडा

अख्खं गाव नको. चाळीस-पन्नास घरं पुरे. नवा माणूस पहिल्याच आठवड्यात गावभर पत्रकं वाटतो आणि तिसऱ्या आठवड्यात थकतो.

कागदावर त्या वस्तीचा ढोबळ नकाशा काढा. घरं, नळ, हापसा, गुरांचा हाळ, गोठे, उकिरडे, गटार कुठे तुंबतं ती जागा, शाळा, भंगारवाला, पंक्चरवाल्याचे टायर. मग वस्तीबाहेर पाय टाका: नदीचं पात्र, केटी बंधाऱ्याखाली पाझरून साचलेली डबकी, वीटभट्टीचे खड्डे, शेततळी. गिरणेकाठच्या गावांत वाळू उपशाचे खड्डे न विसरता दाखवा. पूर ओसरला की त्यांत महिनोन्‌महिने पाणी राहतं. वाळू कोण नेतो हे गावात सगळ्यांना माहीत असतं, बोलत कोणी नाही. तुम्हीही पहिल्याच महिन्यात तिथे तोंड उघडा असं मी म्हणणार नाही, पण नकाशावर खड्डा काढायला कोणाची परवानगी लागत नाही. वर्षभराने ग्रामसभेत तोच कागद कामाला येतो.

प्रत्येक घरापुढे दोन गोष्टी लिहा: नळाला पाणी किती दिवसांनी येतं, आणि घरात किती जनावरं आहेत. पुढचं निम्मं काम या दोन आकड्यांवर ठरतं.

दुसरी पायरी: भांडी

इथे वेळ घालवा. खानदेशातल्या डेंग्यूची गोष्ट मुळात पाणीपुरवठ्याची गोष्ट आहे. जिथे नळ आठ-दहा दिवसांनी येतो, तिथे घरोघरी ड्रम, टाकी, हौद, रांजण, पिंप भरलेले असणारच. अंड्यापासून डास व्हायलाही आठ-दहा दिवसच लागतात. दोन्ही वेळापत्रकं अशी जुळली आहेत की डासाला वेगळं काही करावंच लागत नाही. कोरडा दिवस पाळा, म्हणजे आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी ठेवा, असं सांगायला गेलात की ओसरीवरून उत्तर येतं, “आठ दिनमा एकदाव पानी येस भो, अन् तुम्ही म्हनतस फेकी द्या!” बाई बरोबर बोलते आहे. तिला पाणी फेकायला सांगू नका.

तिला हे सांगा. पाणी वापरून भांडं तळाला जातं तो दिवस पकडायचा, म्हणजे नळ येण्याच्या आदल्या दिवशी. उरलेलं पाणी गुरांना, झाडांना किंवा अंगणात. मग भांडं आतून नारळाच्या काथ्याने खरवडून घासायचं, नुसतं विसळायचं नाही. एडिसची मादी अंडी पाण्यात घालत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर भिंतीला चिकटवते. ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पाणी चढलं की फुटतात. पाणी ओतून लगेच भरलेला ड्रम म्हणजे अंड्यांना आंघोळ घालून परत झोपवल्यासारखं. घासलेलं पाणी गटारात नको, मातीवर ओता.

भरल्यावर झाकण. प्लास्टिकच्या ड्रमची झाकणं सहा महिन्यांत हरवतात किंवा मुलं गाडी म्हणून खेळतात. जुन्या साडीचा दुहेरी कपडा आणि सायकलच्या ट्यूबचा पट्टा हे सगळ्यात टिकाऊ झाकण आहे. कपडा पाण्यात लोंबणार नाही इतका ताणून बांधायचा.

सिमेंटचा मोठा हौद रिकामा होणारच नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातून गप्पी मासे आणा किंवा आरोग्य सेवकाला अबेट हे अळ्या मारणारं औषध टाकायला सांगा. अबेटची मात्रा पाण्याच्या मापावर ठरते, ती त्यालाच ठरवू द्या. बाटली ताब्यात घेऊन अंदाजाने ओतायचं काम नाही.

आता नजरेतून सुटणाऱ्या जागा. फ्रिजमागची पाण्याची तबकडी. शौचालयाच्या टाकीचा वरचा पाइप, त्याला जाळीचं कापड बांधायचं, नाहीतर क्युलेक्स तिथून ढगासारखा निघतो. देवळातला फुटका दिवा. शाळेच्या छतावर चढलेली बाटली. आणि पक्ष्यांची पाण्याची भांडी. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या घरात गेला की प्रत्येक झाडाला मातीचं भांडं लटकतं, फार चांगली गोष्ट आहे, ते काढायला लावू नका. पण लटकवणारा कोण आणि दर दोन दिवसांनी घासणारा कोण, ही नावं वहीत हवीत. कुत्र्या-मांजरांच्या कुंड्यांचंही तेच.

मोजणी अशी ठेवा. समजा ५० घरं पाहिली, ६ घरांत अळ्या सापडल्या, पाण्याची एकूण भांडी १८०, त्यांतली अळ्या असलेली ९. घर निर्देशांक झाला १२ टक्के, भांडी निर्देशांक ५ टक्के, आणि दर १०० घरांमागे अळीची १८ भांडी, याला ब्रेटो इंडेक्स म्हणतात. आकडा एकदा काढून उपयोग नाही. दर आठवड्याला त्याच घरांत, त्याच वाराला काढा. चढतोय की उतरतोय एवढंच बघायचं आहे.

तिसरी पायरी: गोठ्यात शिरा

आरोग्याचं काम करणारे दारापर्यंत जातात आणि गोठा सोडून देतात. तुम्ही सोडू नका.

गाईला माणसाचा मलेरिया होत नाही, आणि तिच्यापासून आपल्याला लागतही नाही. तरीही गोठ्याचा संबंध आहे, कारण गाय डासाला जेवण देते. जेवण मिळालं की मादी अंडी घालते. मग गुरं घराजवळ बांधणं चांगलं की वाईट? याचं एकच उत्तर नाही. गुरं थोड्या अंतरावर असली तर डास तिकडे जातो आणि माणूस सुटतो. गुरं आणि माणसं एकाच छपराखाली असली तर गुरांच्या ओढीने आलेला डास माणसालाही चावून जातो. म्हणून जागा असेल तर गोठा झोपायच्या खोलीपासून वेगळा आणि जरा लांब, एवढं धोरण बहुतेक ठिकाणी चालतं. दुसरी गोष्ट ध्यानात ठेवा: गावातली गुरं एकदम कमी झाली, विकली गेली किंवा चराईला बाहेर गेली, तर भुकेला डास माणसाकडे वळू शकतो. तशा पंधरवड्यात मच्छरदाणीचा आग्रह वाढवा.

गोठ्यात बघायचं काय? हाळ किंवा दगडी डोणी, तिच्या कडेचं शेवाळ आणि आतल्या अळ्या. आठवड्यातून एकदा उपसून घासली तर प्रश्न संपतो. दावणीखालचं मुताचं डबकं, त्याला उतार काढून शोषखड्ड्यात वळवायचं. हापशाभोवतीचा चिखल आणि खुरांचे खळगे, तिथे मुरूम टाकायचा. ओलं शेण गोठ्याशेजारी साठू द्यायचं नाही, खड्ड्यात टाकून झाकायचं. हे डासापेक्षा चावणाऱ्या माशीसाठी आणि चिलटांसाठी जास्त महत्त्वाचं आहे.

गुरांच्या मालकाला विचारा: या आठवड्यात कुणाला तिवा आला का? तिव्यात जनावराला अचानक ताप येतो, लंगडतं, बसून राहतं, दूध आटतं आणि बहुतेक तीन दिवसांत उठतं. हा आजारही डास आणि चिलटं पसरवतात. एका गल्लीत पाठोपाठ चार-पाच जनावरांना तिवा आला, तर चावणाऱ्या किड्यांची पैदास तिथे वाढली आहे असं धरायला हरकत नाही. डेंग्यू येणार असा त्याचा अर्थ नव्हे, पण ओगराळं घेऊन तिकडे जायला ते कारण पुरेसं आहे. अंगावर गाठी दिसल्या तर लंपीचा संशय घ्या, जनावर वेगळं बांधा आणि १९६२ या क्रमांकावर पशुवैद्यकीय मदत मागा. साक्रीकडच्या मेंढपाळांनाही यात ओढा. मेंढ्यांचा नीलजिव्हा हा चिलटांमुळे पसरणारा रोग त्यांनी पाहिलेला असतो, आणि कुठल्या पाणवठ्यावर चिलटं जास्त हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं.

संध्याकाळी गोठ्यात कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करतात. डास थोडा वेळ हटतात, ठीक आहे. पण बंद गोठ्यात किंवा माजघरात धूर कोंडला तर वासराच्या आणि लेकराच्या छातीला तो डासापेक्षा वाईट.

चौथी पायरी: औषधांचा हिशेब एका पानावर

हे काम सहसा कोणीच करत नाही, म्हणून त्यावर जरा बोलतो.

कपाशीवर सायपरमेथ्रिन, लॅम्डा सायहॅलोथ्रिन मारतात. गुरांच्या गोचिडांसाठी डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन लावतात. घराच्या भिंतीवर मलेरियाची फवारणी होते आणि सरकारी औषधी मच्छरदाणी मिळते, त्यांतही डेल्टामेथ्रिन किंवा अल्फासायपरमेथ्रिन असतं. नावं वेगळी, पण घराणं एकच: सिंथेटिक पायरेथ्रॉइड. शेतात, गुरावर, भिंतीवर आणि मच्छरदाणीवर वर्षानुवर्षं एकाच घराण्याचं औषध पडलं, तर जे डास त्यातून वाचतात त्यांचीच पुढची पिढी वाढते. मग फवारणी होते, वास येतो, डास मात्र तसाच बसलेला. क्युलिसिफेसिसने डीडीटी आणि मॅलॅथिऑन पचवल्याला कित्येक वर्षं झाली.

म्हणून एक पान आखा. रकाने तीन: शेत, गोठा, घर. खाली महिने. कृषी सहायकाला, पशुधन पर्यवेक्षकाला आणि आरोग्य सेवकाला विचारून कोणत्या महिन्यात काय मारलं ते लिहा. औषध कोणतं वापरायचं हे ठरवणारे तुम्ही नाही, पण हे पान तालुक्याच्या हिवताप पर्यवेक्षकासमोर ठेवलं की तो ते उचलून बघतो. असं पान त्याच्या टेबलावर एरवी येत नाही.

शेतकऱ्याशी बोलताना फवारणी बंद करा म्हणू नका. किडीने नुकसानीची पातळी ओलांडली तरच फवारा, आणि बांधावरचा दोनशे लिटरचा ड्रम काम झालं की पालथा घाला, एवढं म्हणा. औषधाचे रिकामे डबे कुणी गुरांच्या पाण्याला वापरत असेल तर तिथे मात्र भिडस्तपणा नको.

याच हिशेबात मच्छरदाणी येते. नदीवर, नाल्यावर ती धुवायची नाही. पायरेथ्रॉइड माशांना फार विषारी आहे. घरी बादलीत, साध्या साबणाने, क्वचित धुवायची आणि सावलीत वाळवायची. तिने मासे धरणारे महाभागही भेटतील. त्यांना नीट समजावून सांगा.

गुरांना आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन दिलं की त्यांचं रक्त पिणारे डास मरतात, हे खरं आहे, त्यावर प्रयोगही झालेत. पण तेच औषध शेणातून बाहेर पडतं आणि शेणकिडे मारतं, दुधातही उतरतं. डॉक्टरांना न विचारता हा उद्योग कुणालाही सुचवू नका.

पाचवी पायरी: पाणी मारू नका, जिवंत ठेवा

चांगल्या शेततळ्यात चतुराच्या अळ्या, पाणकिडे, बेडूकमासे असतात आणि ते डासांच्या अळ्यांवर जगतात. अशा तळ्यात विष गेलं की आधी हे मरतात, आणि मग डास सगळ्यात आधी परततो, कारण त्याची पिढी सर्वांत छोटी. काठाचं गवत काढा, पाण्याला सरळ उभी कड ठेवा आणि तळं तसंच सोडा. गप्पी मासे हौदात ठीक, पण नदी-नाल्यात सोडायचे नाहीत. ते परदेशी मासे आहेत, तिथल्या देशी माशांची पिल्लं आणि अंडी खातात. गटारात जळालेलं ऑइल ओतायची जुनी सवय आहे, ते पाणी शेवटी कुठल्या तरी विहिरीशी जातं. गटार वाहतं ठेवणं शक्य नसेल तर आरोग्य खात्याकडे बीटीआय मागा, या जिवाणूपासून बनवलेलं औषध डासांच्या अळ्यांना मारतं आणि मासे-गुरांना त्रास देत नाही.

पाटाच्या भागात पाणी पाळीने सोडायची शिस्त डासांविरुद्धही कामाची आहे. पांझरेकाठच्या जुन्या फडांत, म्हणजे गावाने मिळून पाणी वाटून घ्यायच्या पद्धतीत, पाणी असंच फिरतं. पाळी संपली की चारी कोरडी पडली पाहिजे, गाळाने तुंबलेली चारी म्हणजे अ‍ॅनॉफिलिसचं माहेर.

सहावी पायरी: एकच वही

आतापर्यंतचं सगळं या वहीसाठी. एका उघडलेल्या पानावर चार रकाने: ताप, जनावरं, पाणी, पाऊस. ताप आशाताई सांगतील, जनावरांचं दवाखान्यातून किंवा दूध संकलन केंद्रावर कळतं (कुणाचं दूध अचानक घटलं हे तिथे पहिल्यांदा समजतं), अळ्या तुम्ही मोजलेल्या, आणि पावसाचा आकडा महसूल मंडळाच्या स्वयंचलित केंद्राचा. रुग्णाचं नाव वहीत नको, गल्ली आणि तारीख पुरे.

वही वाचायची कशी, ते असं. समजा वरच्या आळीत एका आठवड्यात तिघांना ताप, अंगदुखी, डोळ्यांमागे दुखणं. तिथे गुरं जवळजवळ नाहीत, पण अळीची भांडी गेल्या आठवड्यापेक्षा दुप्पट. नदीकडे बघूच नका, ड्रमकडे जा, आणि रुग्णाच्या घरासकट आजूबाजूची सगळी भांडी त्याच दिवशी. डासाच्या अंगात विषाणू तयार व्हायला आठ-बारा दिवस जातात, तेवढीच सवड आहे. उलट, नदीकडच्या आळीत थंडी वाजून दिवसाआड ताप येतोय, भांडी स्वच्छ आहेत, गोठे भरलेले आहेत आणि पावसाने दोन-तीन आठवडे उघडीप दिली आहे. इथे ड्रम बघून वेळ घालवू नका. पात्रातली डबकी, खुरांचे खळगे, केटी बंधाऱ्याखालचं पाणी तपासा आणि सगळ्या तापाच्या रुग्णांच्या रक्ताच्या काचपट्ट्या (मलेरियाच्या तपासणीसाठी) काढून घ्या. पहिल्या आळीत आणि दुसऱ्या आळीत एकच धूरफवारणी करून भागत नाही, ते यामुळे.

धूरफवारणीचं म्हणाल तर ती पुढाऱ्यांना फार प्रिय. आवाज होतो, धूर दिसतो, फोटो चांगला येतो. त्या क्षणी उडत असलेले डास मरतात. अळ्या, कोष आणि अंडी पाण्यात आणि भांड्यांत मजेत राहतात. उद्रेकात रुग्णांच्या घरांभोवती तिचा उपयोग आहे, एरवी तोच खर्च झाकणांवर करा.

सातपुड्यात काम असेल तर

धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याच्या पाड्यांत वरचं बरंच बदलतं. नळ नसतो, झरा असतो. गुरं बऱ्याच घरांत एकाच छपराखाली एका बाजूला बांधतात, आणि थंडीत, चोरीच्या भीतीने ते साहजिकही आहे. तिथे गोठा लांब न्या असं भाषण देण्यापेक्षा प्रत्येक खाटेवर औषधी मच्छरदाणी आणि मधल्या कुडाला लिंपण, एवढं साधा. फवारणी पथक आलं तर गुरांची बाजू वगळली जात नाही ना, हे उभं राहून बघा.

इथली माणसं कामासाठी गुजरातेत आणि ऊसतोडीला जातात, होळीला परततात. परतलेल्यांत ताप असेल तर लगेच रक्त तपासायचं, कारण मलेरियाचा जंतू माणसातूनही प्रवास करतो. व्हायवॅक्स हा मलेरियाचा प्रकार निघाला तर प्रायमाक्वीनच्या गोळ्यांचा १४ दिवसांचा कोर्स पुरा करायचा. तीन दिवसांत बरं वाटतं आणि गोळ्या थांबतात, मग यकृतात दडलेला जंतू पुन्हा उठतो. नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे. ज्याला सिकलसेलचा आजार आहे त्याला मलेरिया जड जातो. कार्ड असेल तर औषध देण्याआधीच डॉक्टरांना दाखवायला सांगा.

ताप आलाच तर

कुठलाही ताप आला की २४ तासांत तपासणी. मलेरियासाठी काचपट्टी किंवा किट, डेंग्यूसाठी पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ ही रक्तचाचणी आणि त्यानंतर आयजीएम ही. दुखतंय म्हणून दुकानातून अ‍ॅस्पिरिन किंवा ब्रुफेन घ्यायचं नाही, पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच धोका सुरू होऊ शकतो: पोटात जोराचं दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, विलक्षण सुस्ती, लघवी कमी. यातलं काहीही दिसलं तर १०८. प्लेटलेटचा आकडा बघत घरी बसायचं नाही. आणि रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत ठेवायचं, त्याला चावलेला डासच पुढचं घर गाठतो.

वर्षाचं वेळापत्रक

पोळ्याच्या आधी गुरं धुतली जातात, त्याच दिवशी हाळ आणि डोणी घासून घ्या. नवरात्रीच्या साफसफाईत बायका घरं उपसतातच, भंगार आणि टायर तेव्हाच उचलायला लावा. दिवाळीनंतर डास घटतात आणि सगळ्यांचा उत्साहही. तो काळ ग्रामसभेचा: ग्राम आरोग्य समितीच्या निधीतून ड्रमची झाकणं, गटाराचा उतार, वाळूच्या खड्ड्यांचा नकाशा. पशुवैद्यकीय डॉक्टरांना त्या सभेचं निमंत्रण द्या, त्यांना सहसा कोणी बोलवत नाही, म्हणून ते बहुधा येतात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये माळ्यावरचे कूलर खाली येतात. टाकीच्या कडेला आणि गवताच्या ताट्यांवर गेल्या वर्षीची अंडी चिकटलेली असू शकतात, पाणी भरताच ती फुटतात. म्हणून कूलर आधी उन्हात उघडा, टाकी काथ्याने घासा, ताट्या नव्या घाला आणि मगच पाणी. आखाजीपर्यंत (अक्षय तृतीयेपर्यंत) गल्लीतला एकही कूलर न घासता सुरू झालेला नसावा, आणि ते तपासायला नकाशावर प्रत्येक घरापुढे एक छोटा चौकोन आधीच काढून ठेवा.